फोन चोरीला गेल्यावर आणि जायच्या आधी: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्यात लोकलमधून उतरताना माझा फोन गेला. पर्सची चेन लावलेली होती, प्लॅटफॉर्मवर येऊन बघते तर चेन उघडी आणि आत नुसता डबा आणि छत्री. तेव्हापासून ऑफिसात, सोसायटीत, आमच्या लेडीज डब्याच्या ग्रुपवर कुणाचाही फोन गेला की मला विचारतात, आणि प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. पहिले काही प्रश्न घाईतल्या माणसासाठी आहेत. ज्यांचा फोन अजून हातात आहे त्यांनी खाली बॅकअपपासून वाचायला सुरुवात करा, खरं तर माझा सगळा जीव तिथेच अडकलाय.

आत्ता गेलाय, दहा मिनिटं झाली. पहिलं काय करू?

शेजारच्या कुणाचा तरी फोन मागा. संकोच करू नका, लोक देतात. मला एका कॉलेजच्या मुलीने दिला आणि त्यापायी स्वतःची गाडी सोडली. आधी आपल्याच नंबरवर रिंग द्या, कधीकधी फोन खरंच फक्त पडलेला असतो आणि कुणी भला माणूस उचलतो. उचलला नाही किंवा स्विच ऑफ लागला की तिथे वेळ घालवू नका. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये प्रायव्हेट विंडो उघडा, तुमचा अँड्रॉइड असेल तर गूगलचं फाइंड हब (आधी याला फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे, २०२५ मध्ये नाव बदललं), आयफोन असेल तर आयक्लाउडच्या साइटवरचं फाइंड. आयफोनवाल्यांना तिथे ओटीपी लागत नाही, आयडी आणि पासवर्डवर काम होतं. फोन लॉक करा, आयफोनला लॉस्ट मोड लावा. फोन बंद असला तरी लावून ठेवा, तो नेटवर आला की लागू होतं.

मग कस्टमर केअरला फोन करून सिम बंद. मग बँक. मग पोलीस. मी नेमकं उलटं केलं, आधी घरी फोन करून रडले, मग पोलिसांकडे गेले, आणि सिम दुपारी दोनला बंद केलं, म्हणजे पाच तास माझा नंबर कुणाच्या तरी हातात चालू होता. माझं नशीब की पैसे गेले नाहीत, सगळ्यांचं तसं नसतं.

पण सिम बंद केलं तर लोकेशन दिसणार नाही ना? मग आधी सिम बंद करू नको का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात तथ्य आहे. सिम बंद झालं की फोनचं नेट जातं आणि नकाशावरचा ठिपका तिथेच थांबतो. पण चोराच्या दृष्टीने विचार करा, तो पहिल्या दोन मिनिटांत फोन एरोप्लेन मोडवर टाकतो किंवा बंद करतो किंवा सिमच काढून फेकतो, तुमच्यासाठी ठिपका कोण चालू ठेवतंय. उलट सिम चालू राहिलं तर ओटीपी येत राहतात. म्हणून माझं मत असं की आधी दोन मिनिटांत लॉकची कमांड द्या, लोकेशन दिसलंच तर स्क्रीनशॉट काढा आणि लगेच सिम बंद करा.

लोकेशन दिसतंय, पुढच्याच स्टेशनजवळ आहे. आम्ही दोघं-तिघं जाऊन बघू का?

नका जाऊ. ठिपका एका वस्तीवर किंवा पाच मजली बिल्डिंगवर दिसतो, नेमक्या दारावर नाही. तुम्ही कुणाचं दार वाजवणार आणि आत कोण असणार हे ठाऊक नसतं. स्क्रीनशॉट वेळेसकट पोलिसांना द्या.

फोनला लॉक आहे, फिंगरप्रिंट आहे. मग पैसे कसे जातील?

तीन वाटा आहेत. एक म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालणं. तुमच्या फोनचं लॉक कितीही भारी असू दे, सिमला लॉक नसेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये सुरू होतं आणि ओटीपी तिकडे जातात. यावर उपाय म्हणजे सिम पिन, सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून असतं ते. ते लावलं की सिम कुठेही घातलं तरी आधी पिन मागतं. फक्त आधीचा डिफॉल्ट पिन कंपनीला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका, तीनदा चुकला की पीयूके (सिम परत उघडायचा कंपनीचा कोड) मागतो आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. ज्यांचं ई-सिम आहे त्यांचं सिम काढून घेताच येत नाही, तेवढी एक चांगली गोष्ट.

दुसरी वाट लॉक स्क्रीन. तुमच्या फोनवर लॉक न उघडता मेसेज वाचता येतो ना? मग चोरालाही येतो. नोटिफिकेशनमधला मजकूर लपवायची सेटिंग असते, ती लावा. तिसरी वाट सगळ्यात साधी, म्हणजे पिन बघणं. गर्दीच्या गाडीत आपण चार जणांच्या नाकासमोर १९९० किंवा मुलाची जन्मतारीख टाकून फोन उघडतो, आणि यूपीआयचा पिनही तोच ठेवलेला असतो. निदान हे दोन वेगळे ठेवा.

नव्या फोनांमध्ये थोडी मदत आहे, अँड्रॉइडमध्ये थेफ्ट डिटेक्शन लॉक म्हणून आहे, कुणी हातातून हिसकावून पळाला तर हालचालीवरून ओळखून स्क्रीन लॉक होते. आयफोनला आयओएस १७.३ पासून स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन आहे, घर-ऑफिसपासून लांब असताना पासवर्ड बदलायला फेस आयडी लागतो आणि वर एक तास थांबावं लागतं. दोन्ही चालू आहेत का ते सेटिंगमध्ये जाऊन बघा, आहे असं धरून चालू नका.

पैसे गेलेच तर?

१९३० वर फोन, तोही ताबडतोब. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यातून बाहेर पडायच्या आत अडवता आले तर आले, म्हणून मिनिटांना किंमत आहे. सोबत बँकेला कळवा आणि तक्रार नंबर व वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे की चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहाराची खबर ३ कामाच्या दिवसांत दिली तर तुमच्यावर काहीच भार येत नाही, ४ ते ७ दिवस झाले तर मर्यादित भार येतो. पिन तुमच्याकडूनच फुटला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणूनच "किती वाजता कळवलं" याचा पुरावा ठेवा.

तक्रार कुठे करायची? इकडून तिकडे पाठवतात.

गाडीत किंवा प्लॅटफॉर्मवर गेला असेल तर लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी. आरपीएफ वेगळं, ते रेल्वेचं सुरक्षा दल, चोरीचा गुन्हा जीआरपी नोंदवते. स्टेशनच्या बाहेर, रिक्षात, बाजारात गेला तर तिथलं शहर पोलीस ठाणं. हद्दीवरून वाद झाला तर झिरो एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची.

आणखी एक, शब्द बघून सही करा. मी गेले तिथे आधी "गहाळ" लिहून घेत होते. गहाळ म्हणजे हरवला, त्याची नुसती नोंद होते. चेन उघडून काढलाय तर ती चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, हातातून हिसकावला तर ३०४. विमा असेल तर या शब्दांवर बरंच काही अडतं. मी शांतपणे तीनदा "चोरी" म्हटलं, मग तसं लिहिलं गेलं. पुढे ज्या हवालदार मॅडम होत्या त्यांनी अगदी आपुलकीने सगळं समजावलं, हेही सांगायला पाहिजे.

आयएमईआय नंबर मागतायत, माझ्याकडे नाहीये. बिलही नाही.

हा प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, फोनच्या खोक्यावरच्या स्टिकरवर असतो. खोकं टाकलं असेल तर गूगलच्या फाइंड हबमध्ये फोनच्या नावापाशी माहितीचं चिन्ह असतं तिथे दिसतो, आयफोनचा ॲपलच्या अकाउंटवर डिव्हाइसच्या यादीत दिसतो. ऑनलाइन घेतला असेल तर बिल ईमेलमध्ये सापडतं. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही द्या. आणि ज्यांचा फोन हातात आहे त्यांनी आत्ता *#०६# डायल करून तो १५ आकडी नंबर कागदावर लिहून रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका, बरेच जण तेच करतात.

सीईआयआर म्हणजे काय? तिथे ब्लॉक करून काय होतं?

दूरसंचार विभागाची ही यादी आहे. चोरीच्या फोनचा आयएमईआय त्यात गेला की भारतातल्या कुठल्याच कंपनीचं सिम त्या फोनमध्ये चालत नाही. याची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातून झाली, मे २०२३ पासून संचार साथी पोर्टलवर अख्ख्या देशासाठी आहे, आता ॲपही आहे. पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र, आयएमईआय आणि त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम एवढं लागतं. सिम कशाला, तर ओटीपी त्यावर येतो. इथेच लोक अडकतात, कारण नव्याने दिलेल्या सिमवर एसएमएस २४ तासांनी सुरू होतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ओटीपी येत नाही म्हणून वैतागू नका, दुसऱ्या दिवशी करा. रिक्वेस्ट आयडी येतो, तो जपून ठेवा.

देशाबाहेर नेलेला फोन याने थांबत नाही, तो तिकडे चालतो. तरी करायचंच, कारण ब्लॉक झालेल्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की त्याचा माग पोलिसांपर्यंत जातो.

फोन परत मिळतो का खरंच?

मिळतात. पोलीस अधूनमधून कार्यक्रम घेऊन शोधलेले फोन मालकांना परत देतात, फोटो पेपरात येतात. माझा अजून मिळाला नाही. मिळाला तर आधी पोर्टलवर अनब्लॉक करा, नाहीतर तुमचंच सिम त्यात चालणार नाही.

"तुमचा फोन सापडला, लोकेशन बघायला इथे क्लिक करा" असा मेसेज आलाय!

क्लिक करू नका. हा मेसेज फोन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच येतो. आयफोन तुमच्या आयडीला बांधलेला असतो, पासवर्डशिवाय विकता येत नाही, म्हणून ते हुबेहूब ॲपलसारखं पान दाखवून पासवर्ड काढून घेतात. आणि कुणीही, अगदी धमकी दिली तरी, अकाउंटमधून तो फोन "रिमूव्ह" करू नका.

हे सगळं होतं कसं? आम्ही तर सांभाळून असतो.

सगळेच सांभाळून असतात. दारात उभं राहून फोन बघू नका एवढं मात्र हात जोडून सांगते. रुळांच्या कडेला खांबाजवळ उभं राहून दारातल्या माणसाच्या हातावर काठीचा फटका मारतात, फोन खाली पडतो, ते उचलून पळतात. फटका गँग म्हणतात ती हीच. यात माणसं तोल जाऊन गाडीखाली गेलीयत, हातपाय गेलेत, जीव गेलेत. फोन पडला तर पडू द्या. त्याच्यामागे उडी मारू नका, कितीचाही असू दे.

तुझा बॅकअप चालू होता म्हणतेस, मग तुझं गेलं काय?

इथे थोडं थांबून सांगते.

माझी आजी वाईजवळच्या गावी असायची. तिला जात्यावरच्या ओव्या यायच्या, किती यायच्या ते तिलाही सांगता आलं नसतं, जातं फिरायला लागलं की आपोआप यायच्या, नुसतं म्हण म्हटलं की आठवायच्या नाहीत. म्हणून मी मावशीला सांगून पडवीतलं जातं पुसून घेतलं, त्यात मूठ मूठ ज्वारी टाकायची आणि मी फोनचा रेकॉर्डर लावून शेजारी बसायची. दोन दिवाळ्या आणि एक मे महिना, मिळून पस्तीस-चाळीस रेकॉर्डिंग झाली असतील. मागच्या वर्षी आजी गेली.

फोन गेला तेव्हा मला पहिल्या दिवशी ओव्यांची काळजीच नव्हती, कारण बॅकअप चालू होता, मी स्वतः लावला होता. नवीन फोन घेतला, लॉग इन केलं, फोटो सगळे आले, पार लग्नापासूनचे. कॉन्टॅक्ट आले. मग रेकॉर्डर उघडला, तर रिकामा. गूगल फोटोज फोटो आणि व्हिडिओ नेतं, ऑडिओ नेत नाही. अँड्रॉइडचा फोन बॅकअप ॲप, सेटिंग, कॉल हिस्टरी, एसएमएस नेतो, रेकॉर्डरच्या फोल्डरमधल्या फायली नेत नाही. त्या फोनच्या पोटातच होत्या आणि तिथेच गेल्या. मी फक्त "बॅकअप चालू आहे" एवढं हिरवं चिन्ह बघत होते, त्यात काय काय जातंय हे एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आज त्या नेटवर ऐकता येतात. मी त्या ऐकत बसले होते, आजीच्या आवाजासारखा आवाज सापडतो का बघत.

मग माझं काय कुठे जातंय ते कसं बघू?

फोनमध्ये बघू नका, बाहेरून बघा. घरातला दुसरा फोन किंवा कंप्युटर घ्या, त्यावर तुमच्या गूगल किंवा आयक्लाउड अकाउंटने लॉग इन करा आणि स्वतःला विचारा, माझा फोन आत्ता नाहीये, मला काय दिसतंय? फोटो दिसतायत का, शेवटचा फोटो कालचा आहे की सहा महिन्यांपूर्वीचा? व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधले फोटो दिसतायत का, कारण ते फोल्डर वेगळं चालू करावं लागतं आणि बारशाचे निम्मे फोटो तिथेच असतात. कॉन्टॅक्ट गूगलवर आहेत की "फोन"वर सेव्ह झालेत? "फोन"वर म्हणजे फोनसोबत जाणार. मग उरतात त्या रेकॉर्डिंग, डाउनलोडमधल्या पीडीएफ, नोट्स, स्कॅन केलेले कागद. हे कुणीही आपोआप नेत नाही असं धरूनच चाला आणि हाताने ड्राइव्हवर टाका. आयफोनचे व्हॉइस मेमो आयक्लाउडवर जातात, पण ते चालू केलेलं असेल तरच.

यादी करताना एकच विचार करा, ही गोष्ट जगात दुसरीकडे कुठे आहे? आधार, पॅन परत निघतं, डिजिलॉकरमध्ये असतं. गाणी, सिनेमे परत मिळतात. जे फक्त तुमच्याकडे आहे त्याच्यापासून सुरू करा.

व्हॉट्सॲपचं काय? ते तर रोज रात्री बॅकअप घेतं.

दोन जागी घेतं. रात्रीचा एक फोनच्या आत, तो चोरीत गेला. दुसरा गूगल किंवा आयक्लाउडवर, तो चालू असेल तर. चॅट बॅकअपच्या पानावर शेवटची तारीख लिहिलेली असते, ती बघा. व्हिडिओ त्यात धरायचे की नाही हे वेगळं बटण आहे.

आता सांगते ती गोष्ट फार महत्त्वाची. नवीन फोनमध्ये नंबर टाकल्यावर "रिस्टोर करायचं का" विचारतं, तेव्हा घाईत स्किप दाबू नका. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी दाबलं, त्या रात्री रिकाम्या फोनचा बॅकअप झाला आणि जुना त्याखाली गेला. नेट बरं नसेल तर थांबा, वाय-फाय असलेल्या जागी जाऊन करा.

अँड्रॉइडचा बॅकअप गूगलवर आणि आयफोनचा आयक्लाउडवर, एकाचा दुसऱ्यात उघडत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायला दोन्ही फोन शेजारी लागतात, आणि तुमचा जुना तर गेलाय. तेव्हा चॅट महत्त्वाचे असतील तर त्याच जातीचा फोन घ्या. एन्क्रिप्टेड बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर हवा, विसरलात तर कुणीही उघडून देऊ शकत नाही.

१५ जीबी भरलेत, आता पैसे मागतंय.

हो, आणि भरलं की बॅकअप गुपचूप थांबतो, हेच वाईट आहे. १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह, फोटो तिन्ही येतात, जून २०२१ पासूनचे फोटो त्यात मोजतात आणि २०२४ पासून अँड्रॉइडचा व्हॉट्सॲप बॅकअपही. आयक्लाउड तर ५ जीबीच देतं. आधी सुप्रभातचे फोटो, फॉरवर्ड आलेले व्हिडिओ काढा, बरीच जागा होते. तरी पुरत नसेल तर महिन्याचे पैसे भरा असं मी स्पष्टच सांगते, फोनच्या कव्हरवर आपण त्याहून जास्त घालवतो.

मेमरी कार्डात ठेवलं तर?

कार्ड फोनमध्येच असतं ना. तेही जाणार.

फोटो फोनमधून डिलीट केला तर क्लाउडवर राहतो ना?

नाही! गूगल फोटोजमधून डिलीट केला की दोन्हीकडून जातो, कचऱ्यात ६० दिवस राहतो, मग कायमचा. ते आरशासारखं आहे, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. फोनमध्ये जागा करायची असेल तर तिथलंच "जागा मोकळी करा" वापरा, ते फक्त फोनमधली प्रत काढतं. आणि याच कारणासाठी क्लाउड एकटा पुरेसा नाही, एक प्रत अशी हवी जी कशालाच जोडलेली नाही.

म्हणजे हार्ड डिस्क? माझा तसाही क्लाउडवर विश्वास नाही.

दोन्ही ठेवा. फोटोग्राफर लोकांमध्ये ३-२-१ म्हणतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. आपल्या घरी ते असं बसतं: एक फोनमध्ये, एक क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर. ओटीजी पेन ड्राइव्ह थेट फोनला लागतो, पण पेन ड्राइव्ह एकटा नको, ते न सांगता बंद पडतात. मी दर अमावास्येला करते, तारीख लक्षात राहते म्हणून, तुम्ही सोसायटीचं मेंटेनन्स भरता त्या दिवशी करा. हार्ड डिस्कची एक प्रत बहिणीकडे ठेवलीय, आमच्या खालच्या मजल्यावर पुराचं पाणी शिरलेलं मी बघितलंय.

नवीन फोन घेतला पण गूगल उघडतच नाही, जुन्या फोनवर "हो" दाबा म्हणतंय!

म्हणून आधी डुप्लिकेट सिम, मग नवीन फोन. ओटीपी त्या नंबरवर येतो. यापेक्षा चांगला उपाय म्हणजे बॅकअप कोड. गूगलच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये ८ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, ते लिहून पासबुकात ठेवा. जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न विसरू नका, अँड्रॉइडचा बॅकअप उतरवताना तोच मागतात. आणि नवीन फोन घ्यायला महिनोन्महिने लावू नका, फोन ५७ दिवस वापरात नसला तर गूगल तो फोन बॅकअप काढून टाकू शकतं, आयक्लाउडचा १८० दिवस राहतो. फोटोंना हा नियम नाही.

आईबाबांच्या फोनचं कसं करू? त्यांना यातलं काही जमत नाही.

एका रविवारी दोन तास बसा. त्यांच्याकडून करून घेऊ नका, तुम्ही करा. कॉन्टॅक्ट गूगलवर, फोटोंचा बॅकअप वाय-फायवर, सिम पिन मात्र त्यांना झेपत असेल तरच. आणि पाच नंबर कागदावर लिहून बाबांच्या पाकिटात, आईच्या पर्समध्ये. मला त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर नवऱ्याचा नंबर आठवला नाही, आठवला तो माहेरचा जुना लँडलाइन, जो कधीच बंद झालाय.

स्वस्तात सेकंडहँड फोन मिळतोय, घेऊ का?

आधी इंग्रजीत KYM लिहून स्पेस देऊन १५ आकडी आयएमईआय १४४२२ वर एसएमएस करा. ब्लॅकलिस्ट असेल तर कळतं. बिल नाही, खोकं नाही, विकणारा घाई करतोय, तर सोडून द्या. तो फोन कुणाच्या तरी पर्समधून आलेला असतो.

मग आजीच्या ओव्या मिळाल्या का?

दोन मिळाल्या. पहिल्या दिवाळीत मी कराडच्या मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या, मी विसरूनही गेले होते. तिने कधीच काही डिलीट केलेलं नाही, तिचा फोन कायम भरलेला असतो म्हणून आम्ही सगळे तिच्या मागे लागायचो. मावसभावाने फायली काढून मेलवर पाठवल्या. एक पावणेतीन मिनिटांची, एक चार मिनिटांची. आता माझ्याकडे, मावशीकडे, ड्राइव्हवर आणि बहिणीकडच्या डिस्कवर आहेत. दुसरीच्या शेवटी जात्याची घरघर हळूहळू थांबते, बांगड्या वाजतात, आणि आजी विचारते, "झालं का गं? किती वेळ धरून बसशील, हात दुखेल."